ओरडतो पट्टा, दुखणं पुलीला

अल् खुवैरमध्ये कुठल्याही बिल्डिंगखाली सकाळी सहा-सव्वासहाला उभे राहा. शाळेच्या बस येत असतात, ऑफिसच्या गाड्या एकेक सुरू होत असतात, आणि त्यातली एखादी तरी गाडी स्टार्ट झाल्याबरोबर किंचाळते. चींऽऽऽ! दहा-पंधरा सेकंदांनी आवाज बंद होतो, गाडी निघून जाते. संध्याकाळी तीच गाडी गुपचूप परत येते. मालक म्हणतो, "काही नाही हो, फॅन बेल्ट आहे, गरम झाला की गप्प बसतो."

गप्प बसतो हे खरं. पण सकाळी का ओरडतो, याचं उत्तर त्यात नाही. मस्कत समुद्राला लागून आहे, रात्रीची दमट हवा बॉनेटखाली शिरते आणि रबरावर पाण्याचा पातळ थर बसतो. शिवाय स्टार्टर फिरवताना बॅटरी बरीच खर्ची पडलेली असते, म्हणून सुरुवातीला अल्टरनेटरवर जास्त भार येतो. चांगला पट्टा हे दोन्ही सहन करतो. जो ओरडतो, त्याची किंवा त्याच्या सोबत्यांपैकी कुणाची तरी तब्येत बरी नाही असं समजायचं.

आधी हे सोबती कोण ते बघू.

तुमच्यापैकी जे सुट्टीत गावी जातात त्यांनी पिठाची गिरणी पाहिली असेल. कोपऱ्यात मोटर, मधे जातं, आणि दोघांना जोडणारा एक पट्टा. मोटर फिरली की पट्टा फिरतो, पट्ट्यामुळे जातं फिरतं. गाडीच्या इंजिनाच्या तोंडाशी अगदी हेच चालतं. फरक एवढाच की इथे एका मोटरवर चार-पाच गिरण्या लावलेल्या आहेत. इंजिनाच्या मुख्य दांड्याला, म्हणजे क्रँकशाफ्टला, एक मोठी पुली असते. तिच्यावरून निघालेला पट्टा अल्टरनेटर (वीज बनवणारा), एसीचा कॉम्प्रेसर, बऱ्याच गाड्यांत पाण्याचा पंप आणि जुन्या पद्धतीच्या गाड्यांत पॉवर स्टिअरिंगचा पंप अशा सगळ्यांना वळसे घालत परत येतो. विहिरीवरच्या चाकाला आपण कप्पी म्हणतो, पण कप्पीवरचा दोर ओझं वर ओढतो. इथली पुली फिरणं एकाकडून दुसऱ्याकडे पोचवते. म्हणून गॅरेजात कुणी कप्पी म्हणत नाही, सगळे पुलीच म्हणतात. अरबीत तिला 'बकरा' म्हणतात आणि पट्ट्याला 'सैर'. हसू नका, गॅरेजात उपयोगी पडेल.

पूर्वी प्रत्येक यंत्राला वेगळा, व्हीच्या आकाराचा पट्टा असे. १९७०च्या दशकाच्या अखेरीस एकच लांब, चपटा, आतून खाचा असलेला पट्टा सगळ्यांभोवती फिरवायची पद्धत सुरू झाली. सापासारखा नागमोडी जातो म्हणून इंग्रजीत त्याला सर्पेंटाइन बेल्ट म्हणतात. आपण मात्र अजून 'फॅन बेल्ट'च म्हणतो. खरं तर बहुतेक गाड्यांत रेडिएटरचा फॅन आता विजेवर फिरतो, पट्ट्यावर नाही. नाव राहिलं, फॅन गेला.

इथे वाचन थांबवून एक प्रयोग करा. दोऱ्याची दोन रिकामी रिळं घ्या, एक मोठं, एक लहान. लाकडी फळीवर दोन खिळे ठोकून ती त्यात अडकवा आणि दोघांभोवती रबर बँड लावा. मोठं रीळ एकदा फिरवलं तर लहान किती वेळा फिरतं ते मोजा. समजा क्रँकची पुली १५ सेंटिमीटरची आणि अल्टरनेटरची ६ सेंटिमीटरची आहे. मग इंजिन मिनिटाला ८०० फेरे मारतंय तेव्हा अल्टरनेटर २००० मारतो. हायवेवर इंजिन २५०० फेऱ्यांवर गेलं की अल्टरनेटर ६२५० वर! लहान पुल्यांची बेअरिंगं आधी का झिजतात ते यावरून कळेल. आता रबर बँडला मधे एक पीळ द्या, इंग्रजी आठच्या आकड्यासारखा. लहान रीळ उलट्या दिशेने फिरायला लागेल. गाडीतही काही पुल्या उलट्या फिरतात, कारण पट्टा त्यांना आपल्या सपाट पाठीने घासून जातो. म्हणून काही पुल्यांवर खाचा असतात आणि काही गुळगुळीत असतात.

या सगळ्यांत दोन पुल्या स्वतः काहीच काम करत नाहीत, तरी त्यांच्यावाचून पट्टा चालत नाही. एक आयडलर, जी फक्त पट्ट्याला वाट दाखवते. दुसरी टेन्शनरची, जी स्प्रिंगच्या जोरावर पट्टा ताणून धरते. गॅरेजात सगळ्यात कमी लक्ष यांच्याकडे जातं आणि माझ्या मते सगळ्यात जास्त भानगडी यांच्यामुळेच होतात.

आता प्रश्न असा की थोडा आवाज आला तर एवढं काय बिघडलं? पार्किंगमध्ये काहीच बिघडत नाही. पण जुलै-ऑगस्टमध्ये खरीफ बघायला सलालाला निघालेल्या गाडीचा विचार करा. मस्कतपासून सलाला सुमारे हजार किलोमीटर. आदम मागे पडलं की हैमापर्यंत आणि पुढे थुमरैतपर्यंत दोन्ही बाजूंना सपाट वाळवंट. तिथे पट्टा तुटला तर एकाच क्षणी एसी बंद होतो, बॅटरी चार्ज होणं थांबतं, आणि पाण्याचा पंप त्याच पट्ट्यावर असेल तर इंजिनात पाणी फिरायचं थांबतं. काही मिनिटांतच तापमानाचा काटा लाल पट्टीकडे जातो. गाडीत लहान मूल किंवा आजी-आजोबा असतील, तर तो काही शे रुपयांचा किंवा चार-पाच रियालांचा पट्टा उरत नाही.

शिवाय ओमानची उष्णता पट्ट्याचं आयुष्य कमी करते. मस्कतजवळच्या कुरियातमध्ये २६ जून २०१८ला चोवीस तासांत तापमान ४२.६ अंशांच्या खाली उतरलंच नव्हतं, रात्रीसुद्धा! बॉनेटखाली तर याहून कितीतरी जास्त गरम असतं. रसायनशास्त्राचा एक ढोबळ नियम आहे: तापमान दहा अंशांनी वाढलं की रबर म्हातारं होण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. त्यात एसी दिवसभर चालू, म्हणजे कॉम्प्रेसर पट्ट्याला सतत ओढतो. आणि हवेतली बारीक वाळू खाचांत बसून पॉलिश पेपरसारखं काम करते. गाडीच्या पुस्तिकेत पट्टा किती किलोमीटरनंतर तपासावा हे लिहिलेलं असतं. तिथे बहुधा दोन तक्ते असतात, एक साध्या वापराचा आणि एक कठीण वापराचा. धूळ आणि कडक ऊन म्हणजे कठीण वापर. आपण दुसरा तक्ता वाचायचा.

आता निदान. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे एखादा बग आला की नियम सोपा असतो: तो कधी दिसतो ते आधी नीट टिपून ठेवा, मग एकेक भाग बाजूला काढत जा. अंदाजाने भाग बदलत सुटायचं नाही. गाडीलाही हेच लागू पडतं.

एक अट मात्र पहिल्यापासून. हे काम आई, बाबा किंवा गाडी समजणाऱ्या मोठ्या माणसाबरोबरच करायचं. तुमचं काम कान आणि डोळे लावायचं, नोंदी करायचं आणि टॉर्च धरायचं. इंजिन चालू असताना पट्ट्याजवळ हात न्यायचा नाही. सैल बाह्या, ओढणी, मोकळे केस, गळ्यातली साखळी यांतलं काहीही नको. बटण दाबून सुरू होणाऱ्या गाडीची चावी लांब ठेवा, म्हणजे चुकून सुरू होणार नाही. गरम इंजिनाच्या रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. आणि वेळ सकाळची किंवा संध्याकाळची. ओमानमध्ये जून ते ऑगस्ट दुपारी साडेबारा ते साडेतीन उघड्यावर काम करवून घ्यायला कायद्यानेच बंदी आहे, ती उगाच नाही.

पहिली पायरी ऐकण्याची. आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि तो केव्हा येतो ते लिहा: स्टार्ट करताना, एसी लावल्यावर, स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर, की सतत? लांब, तीक्ष्ण किंचाळी आणि तीही भार वाढल्यावरच, असं असेल तर पट्टा घसरतोय. चिमणीसारखं तुटक चिवचिव, आणि इंजिनाचा वेग वाढला की चिवचिवही भराभर, असं असेल तर एखादी पुली रांगेतून जरा बाहेर गेलेली असते. पट्टा तिरका जातो आणि प्रत्येक खाचेत घुसताना घासतो. घरघर किंवा जात्यासारखा भरडल्याचा आवाज असेल तर पट्टा निर्दोष असण्याची शक्यता जास्त, दुखणं कुठल्यातरी बेअरिंगमध्ये आहे.

दुसरी पायरी पाण्याची, आणि ही मला सगळ्यात आवडते, कारण खर्च शून्य. झाडांवर फवारायची पाण्याची बाटली घ्या. इंजिन चालू, आवाज येतोय, अशा वेळी मोठ्या माणसाने लांबूनच पट्ट्याच्या खाचांच्या बाजूवर थोडं पाणी फवारायचं. फक्त पाणी, दुसरं काही नाही. आता ऐका.

आवाज क्षणभर थांबला आणि थोड्याच वेळात परत आला, तर पुल्या एका रांगेत नाहीत. पाण्याने घासणं तेवढ्यापुरतं कमी केलं, रांग काही सरळ केली नाही. आवाज उलट वाढला, तर पट्ट्याला ताण कमी पडतोय. आधीच घसरत होता, पाण्याने आणखी घसरला. आणि काहीच फरक पडला नाही, तर पट्टा सोडा, बेअरिंगांकडे वळा. एका फवाऱ्यात तीन उत्तरं! आमच्या कामात इतकी स्वस्त चाचणी क्वचित मिळते.

तिसरी पायरी बघण्याची. इंजिन बंद, थंड झालेलं. टॉर्च घेऊन पट्ट्याच्या खाचा बघा. जुन्या प्रकारच्या रबरावर म्हातारपणी आडव्या भेगा पडायच्या, त्यामुळे "भेगा नाहीत म्हणजे पट्टा चांगला" असं अजून खूप लोक सांगतात. पण गेल्या पंचवीसेक वर्षांपासून बहुतेक पट्टे ईपीडीएम नावाच्या रबराचे येतात. त्यांना सहसा भेगा पडत नाहीत, ते बुटाच्या तळव्यासारखे झिजतात. खाच रुंद आणि खोल होत जाते, पट्टा पुलीत जास्त खाली बसतो आणि पकड सुटते. वरून मात्र काळाकुळकुळीत, नव्यासारखा दिसतो. म्हणून खाचांचा आकार बघायचा. नव्या पट्ट्यात दोन खाचांमधला उंचवटा भरीव असतो, झिजलेल्यात तो टोकदार, बारीक होतो. कडेचे धागे सुटलेत का, पट्टा आरशासारखा चकाकतोय का, एखादा तुकडा उडालाय का, हेही पाहा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तो ओला किंवा तेलकट आहे का?

ओलाव्याचा मुद्दा मी मुद्दाम ठळक करतोय. ओळखीतल्या एका कुटुंबाच्या गाडीत वर्षभरात दोन नवे पट्टे बसले. प्रत्येक वेळी महिनाभर शांतता, मग परत चींऽऽऽ. तिसऱ्यांदा कुणीतरी पट्टा काढायच्या आधी टॉर्च मारून वर पाहिलं, तर पाण्याच्या पंपाच्या तोंडाशी गुलाबी कूलंटचे सुकलेले डाग होते. थेंब थेंब कूलंट पट्ट्यावर पडत होतं. पंप बदलला, आवाज गेला. आधीचे दोन पट्टे आजारी नव्हतेच. बरं, तो पंप तसाच राहिला असता तर पुढे पट्ट्यापेक्षा बरंच मोठं बिल आलं असतं.

चौथी पायरी पुल्यांची, आणि यासाठी पट्टा उतरवावा लागतो. त्याआधी पट्ट्याच्या वाटेचा फोटो काढा. बऱ्याच गाड्यांत बॉनेटच्या आतल्या बाजूला वाटेचं चित्र असलेलं स्टिकर असतं, पण उन्हाने ते उडालेलं असू शकतं. फोटो नसेल तर नंतर तो पट्टा म्हणजे सुटलेलं विणकाम! टेन्शनरवर पाना लावून तो स्प्रिंगच्या विरुद्ध फिरवला की पट्टा सैल पडतो आणि एका पुलीवरून अलगद निघतो. पाना एकदम सोडायचा नाही, स्प्रिंग जोरात परत येते आणि बोटं चेंगरतात.

आता एकेक पुली हाताने फिरवा. चांगली आयडलर आवाज न करता, लोण्यासारखी फिरते. हाताला खरखर लागली, आत वाळू असल्यासारखं वाटलं, किंवा पुली दोन बाजूंनी धरून हलवल्यावर डगमगली, तर तिचं बेअरिंग गेलं. याउलट, अगदी भिंगरीसारखी गरगर फिरत राहिली तरी खूश होऊ नका, आतलं ग्रीस सुकलेलं असू शकतं. टेन्शनरचा हात जोर लावल्यावर सारखा हलायला हवा, अडकत किंवा झटक्याने नाही. क्रँकच्या मोठ्या पुलीत बहुधा दोन कड्या असतात आणि त्यांच्यामध्ये रबराचा थर, धक्के शोषायला. तो थर सुटला तर बाहेरची कडी चालू इंजिनात लटपटते. काही अल्टरनेटरच्या पुलीत एकाच दिशेने फिरणारा क्लच असतो. तो बिघडला तरी आवाज येतो, पण तो तपासणं गॅरेजवर सोडा.

पट्टा घसरून वीज कमी बनतेय का हे मल्टिमीटरवर कळतं. गाडी बंद करून काही तास झाले असतील तर चांगली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू केल्यावर बहुतेक गाड्यांत आकडा १३.५ ते १४.७च्या दरम्यान जातो. दिवे, एसी, सगळं लावल्यावर तो घसरून परत बारावर आला तर अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा कमी पडतोय. हा आकडा वाचायचं काम तुमचं.

पट्ट्यावर मारायचा स्प्रे मिळतो, तो आणावा का? गावच्या गिरणीत पट्टा घसरायला लागला की त्याला राळ लावत. चिकट होऊन तो काही दिवस पकड घेई. तो पट्टा सपाट होता, गिरणीवाला तिथेच बसलेला असायचा. खाचांच्या पट्ट्यावर असा चिकट स्प्रे मारला की त्यावर आपली ओमानी धूळ येऊन बसते, खाचा भरतात आणि आवाजाचं खरं कारण झाकलं जातं. माझं मत विचाराल तर ती बाटली दुकानातच राहू द्या. ताप आल्यावर थर्मामीटर फोडल्यासारखं आहे ते.

नवा पट्टा आणताना त्याच्या पाठीवरचा नंबर वाचायला शिका. समजा '६ पीके २१००' असा इंग्रजी अक्षरांत नंबर आहे. ६ म्हणजे उंचवट्यांची संख्या, पीके म्हणजे त्यांचा आकार, २१०० म्हणजे लांबी मिलिमीटरमध्ये. वादी कबीर किंवा घालाच्या औद्योगिक भागात स्पेअर पार्टची दुकानं ओळीने आहेत. तिथे बहुतेकांशी हिंदीत बोलता येतं. जुना पट्टा सोबत न्या आणि नंबर जुळवा. लांबी मात्र दोन्ही पट्टे शेजारी ठेवून बघू नका, कारण जुना थोडा ताणलेला असू शकतो. बसवताना पट्टा सगळ्यांत शेवटी एखाद्या गुळगुळीत, सहज हाताशी येणाऱ्या पुलीवर चढवायचा. मग प्रत्येक खाचेच्या पुलीवर बोट फिरवून बघायचं, एखादा उंचवटा कडेबाहेर तर बसला नाही ना? एक खाच चुकली तर नवा पट्टा थोड्याच किलोमीटरमध्ये स्वतःला फाडून घेतो. इंजिन एक मिनिट चालवा, बंद करा, परत बघा.

आता घरी काय करायचं नाही तेही सांगतो. काही गाड्यांत टेन्शनर नसतोच, पट्टा स्वतःच लवचिक असतो आणि तो खास अवजाराने चढवावा लागतो. तिथे पेचकस घालून ओढाताण नको. आणि टायमिंग बेल्ट हा पूर्णपणे वेगळा प्राणी आहे. तो झाकणाच्या आत असतो आणि इंजिनाच्या व्हॉल्व्ह आणि पिस्टनची वेळ सांभाळतो. अनेक गाड्यांत त्याजागी साखळी असते. तो तुटला तर कित्येक इंजिनांत पिस्टन जाऊन व्हॉल्व्हवर आदळतात आणि इंजिनच बाद होतं. त्याला फक्त जाणकाराचा हात. गॅरेजात जाल तेव्हा "बेल्ट बदला" असं सांगू नका. "थंड असताना, एसी लावल्यावर आवाज येतो, पाणी मारल्यावर वाढला, आयडलर खरखरते" असं सांगा. मेकॅनिकचा अर्धा तास वाचतो आणि तुमचे नको ते भागही बदलले जात नाहीत.

आणि हे सगळं करूनही रस्त्यात पट्टा तुटलाच तर? धप्प असा आवाज, बॅटरीचा लाल दिवा, एसीतून गरम हवा, काही गाड्यांत स्टिअरिंग जड. चालवणाऱ्याने घाबरून ब्रेक दाबायचा नाही. दिवे लुकलुकते ठेवून गाडी रस्त्याच्या पूर्ण बाहेर घ्यायची आणि इंजिन लगेच बंद करायचं. "पुढचा पंप दहा किलोमीटरवर आहे, तेवढं जाऊ" हा मोह टाळायचा. सगळ्यांनी वाहनांपासून लांब, जमेल तेवढ्या सावलीत बसायचं. मदतीसाठी ओमानमधला नंबर ९९९९. लांबच्या प्रवासात माणशी काही लिटर जास्तीचं पाणी डिकीत हवंच, ते इंजिनासाठी नव्हे, तुमच्यासाठी.

त्याच डिकीत अजून एक गोष्ट ठेवता येते. मुदत भरली म्हणून बदललेला, पण फाटलेला किंवा तेलकट नसलेला जुना पट्टा फेकू नका. पिशवीत घालून, टेन्शनरला लागणाऱ्या पान्यासकट सुट्या चाकाच्या खड्ड्यात ठेवा, आणि वाटेचा तो फोटो मोबाइलमध्येच राहू द्या. हैमापर्यंत पोचवायला तेवढं पुरतं.